मदत हवी आहे: प्रोसेसर जुना आय५-३४७० घ्यावा की पेंटियम जी४५६०? (डीटीपीच्या कामासाठी, नाशिक)

नमस्कार मंडळी,

पंचवटीत घराच्या पुढच्या खोलीत माझं टायपिंग आणि डीटीपीचं (छपाईसाठी पानं संगणकावर मांडून देण्याचं) काम चालतं. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, मधूनच एखाद्याचा कवितासंग्रह. गेल्या आठवड्यात दुपारी लाइट गेली, आली, लगेच परत गेली, आणि त्यानंतर माझं जुनं कोअर टू ड्युओ प्रोसेसरचं मशीन चालू झालंच नाही. पंखा फिरतो, स्क्रीन काळीच. शेजारच्या मुलाने कॅबिनेट उघडून टॉर्च मारून दाखवलं: प्रोसेसरजवळच्या तीन कपॅसिटरची (वीज साठवणाऱ्या छोट्या डब्यांची) डोकी फुगलीत आणि एकातून तपकिरी काहीतरी बाहेर येऊन वाळलंय. त्या बोर्डवर आता पैसे घालायचे नाहीत, हे नक्की. हार्डडिस्क दुसऱ्याच्या मशीनला लावून पाहिली, फाइली सगळ्या शाबूत आहेत. तेवढं ऐकून जीव भांड्यात पडला.

तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची रीघ लागते, त्यामुळे थांबायला वेळ नाही. सगळं मिळून सात हजार बाजूला काढलेत. मॉनिटर, कीबोर्ड, कॅबिनेट जुनंच वापरणार. कॅनडा कॉर्नरच्या बाजूला जुन्या पार्टचं एक दुकान आहे, तिथे दोन पर्याय सांगितले.

पहिला: आय५-३४७०, एच६१ बोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम. साडेचार हजार.

दुसरा: पेंटियम जी४५६०, एच११० बोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅम. सहा हजार तीनशे.

मी वाचून जे समजून घेतलं ते असं. आय५ हा २०१२ चा, आयव्ही ब्रिज पिढीचा. चार खरे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), ३.२ गिगाहर्ट्‌झ, जोर लागला तर ३.६ पर्यंत जातो. पेंटियम २०१७ चा, कॅबी लेक. कोअर दोनच, पण त्या वर्षी पेंटियमला हायपरथ्रेडिंग मिळालं, म्हणजे एक कोअर एका वेळी कामाच्या दोन रांगा (थ्रेड) सांभाळतो, म्हणून थ्रेड चार. वेग ३.५, टर्बो नाही. पाच वर्षं नवा असल्यामुळे त्याचा एकेक कोअर जुन्या आय५ च्या कोअरपेक्षा थोडा चपळ आहे, पण चारही कोअर कामाला लागले की आय५ स्पष्ट पुढे जातो.

दुकानदार म्हणतो, ‘ताई, आय५ तो आय५.’ नवरा म्हणतो, पाच वर्षं नवी वस्तू सोडू नकोस. माझी अडचण अशी की माझं काम नेमकं कुठल्या बाजूला झुकतं हेच मला ठरवता येत नाही. कोरलड्रॉ (पानं मांडायचा प्रोग्राम) उघडं असतं, शेजारी क्रोमचे दहा-बारा टॅब, व्हॉट्सअॅप वेब (गिऱ्हाईक मजकुराचे फोटो तिथेच पाठवतात), आणि संध्याकाळी मुलगा त्याच मशीनवर दहावीची लेक्चर बघतो. दीडशे-दोनशे पानांची फाइल असली की पान उलटताना मशीन अडतं, पीडीएफ करताना तर मी चहा टाकून येते.

जुन्या वस्तूत पैसे अडकले की आमच्यासारख्यांना परत उभं राहायला वर्ष लागतं. म्हणून ज्यांनी यातलं काही स्वतः वापरलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, दोन्ही प्रोसेसर तुमच्या कोअर टू ड्युओच्या कितीतरी पुढे आहेत, त्यामुळे त्यावरून झोप उडवू नका. पीडीएफ करणं, पान स्क्रीनवर पुन्हा उमटवणं ही कामं बहुतेक एकाच कोअरवर चालतात. तिथे दोघांत तुम्हाला जाणवेल असा फरक नाही.

खरा प्रश्न सात हजारांतून बाकी काय येतं हा आहे. तुम्ही अजून हार्डडिस्कवरच आहात असं दिसतंय. मग आधी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) घ्या, मग प्रोसेसर निवडा. पान उलटताना मशीन अडतं ते बऱ्याचदा डिस्कमुळे. एच६१ वर साटाचा (डिस्क जोडायच्या जोडणीचा) वेग सेकंदाला ३ गिगाबिटच आहे, एच११० वर ६, पण हार्डडिस्कवरून आलेल्या माणसाला तो फरक कळतही नाही.

आणि एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा). लाइट अशी ये-जा करून बोर्ड गेला असेल तर जुना एसएमपीएस नव्या बोर्डला अजिबात लावू नका. त्याच्यात काय बिघडलंय हे बाहेरून दिसत नाही आणि तो दुसराही बोर्ड घेऊन जाईल. माझ्या भावाचं असंच झालं होतं.

प्रतिसाद २

मी पेंटियमच्या बाजूने. लेक्चरचा मुद्दा हलका समजू नका. यूट्यूब बराचसा व्हिडिओ व्हीपी९ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायच्या एका पद्धतीत) पाठवतं. पेंटियमच्या ग्राफिक्समध्ये, म्हणजे एचडी ६१० मध्ये, तो उलगडण्याची सोय आतच आहे. आय५ च्या एचडी २५०० मध्ये नाही, तिथे सगळा भार कोअरवर येतो. शिवाय एच६१ बोर्डच्या मुख्य चिपमध्ये (चिपसेटमध्ये) वेगवान यूएसबी ३ नाही. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह दिवसभर लावत असाल तर ते रोज जाणवेल. एच११० वर पुढेमागे आय५-६५०० किंवा आय७-७७०० सुद्धा बसतो.

मात्र एक बघून घ्या. एच११० बोर्ड मुळात आधीच्या, सहाव्या पिढीसाठी आले होते. त्यावर जुना बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डातलाच प्रोग्राम) असेल तर जी४५६० चालू होत नाही. दुकानातच बायोसच्या स्क्रीनपर्यंत चालवून घ्या.

विंडोज ११ ला मात्र अधिकृतपणे दोन्ही चालत नाहीत, आठव्या पिढीपासून पुढचेच लागतात. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. त्यामुळे बँकेचे व्यवहार या मशीनवर नकोत, मोबाइलवरच करा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एसएमपीएसचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

काल पेनड्राइव्हमध्ये माझी स्वतःची फाइल घेऊन दुकानात गेले, एका शाळेच्या स्मरणिकेची, फोटो भरपूर. दोन्ही मशीनना त्यांनी एसएसडीच लावली होती. दोन्हीवर तीच फाइल उघडली, तीच पानं उलटली, पीडीएफ केली. फरक शोधावा लागत होता. मग क्रोममध्ये लेक्चर लावून टास्क मॅनेजर उघडला. पेंटियमवर आलेख खाली सपाट, आय५ वर चांगलाच वर चढलेला. म्हणजे प्रतिसाद २ चं म्हणणं खरं आहे. पण लेक्चर अडखळलं मात्र नाही, आणि ते चालू असताना कोरलही नीट चाललं.

बोर्ड हातात घेऊन बघितले. एच६१ चे प्रोसेसरजवळचे कपॅसिटर सॉलिड आहेत, वरून सपाट, डोक्यावर फुलीची खाच नाही. माझ्या मेलेल्या बोर्डवर सगळे खाचवालेच होते. सॉकेटमधल्या पिना तिरक्या प्रकाशात धरून पाहिल्या, रांग कुठे मोडलेली नाही.

मग कागदावर बेरीज केली. आय५ साडेचार, एसएसडी २४० जीबी चौदाशे, नवा एसएमपीएस अकराशे. बरोबर सात हजार. पेंटियम घेतला तर एसएसडी आणि एसएमपीएस धरून आठ हजार आठशे होतात. ते अठराशे रुपये मला आज उसने घ्यावे लागतील, आणि एसएसडी पुढे ढकलली तर पेंटियम घेऊनही पान अडणारच. म्हणून आय५ घेतला. पेनड्राइव्ह हळू चालतील, ते चालवून घेईन. फोटो तसेही व्हॉट्सअॅपवरच येतात. दुकानदाराने एक महिन्याची बदलून द्यायची हमी बिलावर लिहून दिली, तोंडी नको म्हणून मी अडून बसले होते.

आता एकच विचारायचंय. जुन्या हार्डडिस्कवर विंडोज, कोरल, फॉन्ट सगळं आहे. तेच एसएसडीवर उतरवू की विंडोज नव्याने टाकू? ‘रविवार कारंजा’ भागातल्या छापखान्यात परवा दोन पत्रिका द्यायच्यात.

प्रतिसाद १

नव्याने टाका. बोर्ड पूर्ण बदललाय, जुनं उतरवलं तर ड्रायव्हरचे घोळ निस्तरण्यात ते दोन दिवस जातील. टाकण्याआधी बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय (डिस्कशी बोलायची नवी पद्धत) आहे ना ते बघा, या काळातल्या काही बोर्डवर तो आयडीई (जुनी पद्धत) असतो. विंडोज टाकताना हार्डडिस्कची केबल काढून ठेवा, म्हणजे चुकून तीच फॉरमॅट व्हायची भीती नाही. नंतर ती दुसरी डिस्क म्हणून जोडा आणि फॉन्टचं फोल्डर सगळ्यात आधी कॉपी करा. परवाच्या पत्रिकांना जे दोन-तीन फॉन्ट लागतात तेवढेच आधी बसवा, बाकीचे सावकाश.