मदत हवी आहे : कॉफीच्या जमिनीत पाणी मुरत नाही आणि मुरलेले टिकत नाही

सप्रेम नमस्कार.

उतारावर लावलेल्या सहा वर्षांच्या अरेबिका कॉफीसंबंधी अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे. जमीन तांबडी, चिकण असून सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) ५.६ आहे. जोराचा पाऊस झाला की पाणी मुरण्याऐवजी ओळींमधून वाहून जाते आणि पाऊस उघडल्यानंतर आठ-दहा दिवसांतच भर दुपारी पाने मलूल दिसू लागतात.

वाळलेले ढेकूळ पाण्यात ठेवून पाहिले, तेव्हा ते काही मिनिटांतच विरघळून पाणी गढूळ झाले. यावरून मातीचे कण बांधून ठेवणारा सेंद्रिय अंश फार कमी उरला असावा, असे मला वाटते. खणून पाहिल्यावर सुमारे १५ सेंटीमीटर खाली घट्ट थर लागला. खरी चिंता याच थराची आहे, कारण अन्न-पाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या ३० सेंटीमीटरमध्येच असतात आणि थर फोडण्यासाठी खोल मशागत केली, तर नेमकी तीच मुळे तुटतील.

म्हणून ओळींच्या मधोमध खोल मुळांचे द्विदल पीक घेऊन ते फुलोऱ्यापूर्वी कापून तिथेच पसरावे, असा विचार आहे. मात्र कोरड्या महिन्यांत ते कॉफीच्या वाट्याची ओल पळवील का? छाटणीचा पाला आणि कुजलेली कॉफीची साले यांचे आच्छादन खोडापासून किती अंतर सोडून, किती जाड घालावे? उताराला आडवे, समपातळीवर चर खोदावेत, की आधी आच्छादनच वाढवावे? ज्यांनी अशी घट्ट जमीन सुधारली आहे, त्यांनी फरक दिसायला किती हंगाम लागले, तेही कृपया कळवावे.