माझ्या रिसर्च पेपरचं प्रूफ आलंय, ४८ तासांत कॉपीराइटचा फॉर्म भरायचाय. सही केली तर माझेच आकडे गावात वाटता येतील का?

विहीर_परभणी
नमस्कार सगळ्यांना. माझा पहिला पेपर एक्सेप्ट झालाय, दीड वर्ष गेलं त्यात, दोनदा रिव्हिजन झाली. जिंतूर अन् सेलू तालुक्यातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यातलं नायट्रेट असा विषय आहे. काल संध्याकाळी प्रूफची, म्हणजे छापायच्या आधी तपासायला देतात त्या प्रतीची, लिंक आली अन् सोबत कॉपीराइटचा फॉर्म, दोन्ही ४८ तासांत परत पाठवा म्हणायलेत. फॉर्मात दोन पर्याय आहेत, एकात पैसे नाहीत पण कॉपीराइट प्रकाशकाला द्यायचा, दुसरा ओपन अ‍ॅक्सेस, म्हणजे पेपर सगळ्यांना फुकट वाचता येतो, पण त्याचे रुपयात धरले तर दोन लाखाच्या वर जातात, ते माझ्याच्यानं होणार नाही. गाइड सर म्हणले सही कर अन् पाठवून दे, सगळे तसंच करतात. पण माझं मन मानेना, कारण ज्यांच्या विहिरीचं पाणी घेतलं त्या लोकांना मी शब्द दिलाय की रिझल्ट आले की मराठीत लिहून आणून देईन. एका मावशीनं तर एप्रिलमध्ये, बोअर आटत आलेला असताना, बाटल्या विसळायला सुद्धा पाणी दिलं. आता कॉपीराइट देऊन टाकला तर त्यांना त्यांच्याच विहिरीचे आकडे सांगता येतील का नाही? अन् हाच चॅप्टर थिसिसमध्ये आहे, तो पुढं शोधगंगावर, म्हणजे विद्यापीठांचे प्रबंध खुले ठेवतात त्या साइटवर, जाणार, त्याचं काय? प्रूफमध्ये काय बघायचं तेही सांगा.

ग्रंथालय_लातूर
ताई, आधी अभिनंदन. सही करायच्या आधी फॉर्म शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, अर्धा तास लागतो. मी कॉलेजच्या लायब्ररीत आहे, लोकं येतात विचारायला पण सही करून झाल्यावर येतात, तुम्ही आधी विचारलं हे लई चांगलं केलं.

तुमचा मोठा प्रश्न गावाचा, तो आधी घेतो. कॉपीराइट असतो तो तुमच्या लिखाणाचा, म्हणजे वाक्यं, आकृत्या, टेबलची मांडणी. अमक्या विहिरीत इतकं नायट्रेट निघालं ही झाली माहिती, अन् माहिती कोणाच्या मालकीची होत नसते. त्यामुळं तेच आकडे घेऊन तुम्ही तुमच्या शब्दांत मराठीत नव्यानं लिहिलं, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलं, वर्तमानपत्रात लेख दिला, तर त्याला कोणाची परवानगी लागत नाही. पेपरचं ओळीला ओळ भाषांतर मात्र वेगळी गोष्ट आहे, कारण भाषांतराचा हक्क कॉपीराइटमध्येच येतो, तो एकदा दिला की प्रकाशकाला विचारावं लागतं. पण तशा भाषांतराची गावाला गरजच नाही. त्या मावशीला पाहिजे ते एवढंच की माझं पाणी लेकराला पाजू का नको, अन् ते पेपरात कुठंच त्या भाषेत लिहिलेलं नसणार. एक मात्र करा, पेपरमधली आकृती जशीच्या तशी उचलू नका, तुमच्या एक्सेलमधून नवीन ग्राफ काढा.

थिसिसचं म्हणाल तर बहुतेक मोठे प्रकाशक लेखकाला स्वतःच्या थिसिसमध्ये पेपर वापरायचा हक्क ठेवूनच देतात, फॉर्मात लेखकाचे राखीव हक्क असा भाग असतो तिथं बघा. थिसिस शोधगंगावर सगळ्यांना खुला राहणार आहे हे धरून वाचा, अन् शंका वाटली तर आजच एक साधा मेल टाका, की माझा प्रबंध विद्यापीठाच्या नियमाप्रमाणं सार्वजनिक रिपॉझिटरीत (म्हणजे ऑनलाइन संग्रहात) जाणार आहे, चालेल ना. लेखी उत्तर जपून ठेवा.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. पेपरच्या तीन अवस्था असतात: पहिल्यांदा पाठवला तो, रिव्ह्यू होऊन एक्सेप्ट झाला तो, अन् जर्नलनं टाइपसेट करून छापला तो. मधला, म्हणजे तुमची शेवटच्या रिव्हिजनची वर्ड फाइल, यालाच एक्सेप्टेड मॅन्युस्क्रिप्ट म्हणतात, अन् कॉपीराइट देऊन सुद्धा या फाइलवर तुमचा बराचसा हक्क राहतो. छापील पीडीएफवर तसा राहत नाही. स्प्रिंगर या प्रकाशकाच्या सबस्क्रिप्शनच्या, म्हणजे वाचायला पैसे लागणाऱ्या, जर्नलमध्ये ही फाइल विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत १२ महिन्यांनी टाकता येते, स्वतःच्या वेबसाइटवर लगेच. एल्सेव्हिअरमध्ये रिपॉझिटरीची मुदत जर्नलगणिक बदलते. तुमच्या जर्नलचं नक्की काय ते जिस्क या ब्रिटिश संस्थेच्या ओपन पॉलिसी फाइंडर या साइटवर फुकट बघायला मिळतं, आधी त्यालाच शेर्पा रोमिओ म्हणायचे. लोकं पेपर छापून आला की ही वर्ड फाइल डिलीट करून टाकतात, तुम्ही आत्ताच्या आत्ता स्वतःलाच मेल करून ठेवा. अन् संशोधनाला केंद्र सरकारच्या विज्ञान (डीएसटी) किंवा जैवतंत्रज्ञान (डीबीटी) विभागाचा पैसा असेल तर त्यांचं २०१४ चं धोरणच आहे की ही प्रत रिपॉझिटरीत ठेवावी.

कायद्याचं थोडं सांगतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे, त्यात हक्क द्यायचे तर लेखी अन् सही करूनच. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. पण प्रकाशक हे जाणून असतात म्हणून कॉपीराइटची पूर्ण मुदत अन् सगळं जग असं स्पष्ट लिहून घेतात, अन् पूर्ण मुदत म्हणजे आपल्याकडं लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं. कलम ५७ मात्र तुमच्या बाजूनं आहे, सही केली तरी लेखक म्हणून नाव तुमचंच राहतं अन् लिखाण मोडूनतोडून तुमचं नाव खराब केलं तर हरकत घेता येते. फॉर्मात कोणत्या देशाचा कायदा लागू ते पण बघा, बऱ्याचदा तो बाहेरचा असतो.

बालाघाट
वरच्या सरांनी हक्काचं सगळं सांगितलं, मी प्रूफचं सांगतो कारण तिथं माझ्या पेपरची चूक कायमची राहून गेली. माझ्या टेबलात विद्युतवाहकता मायक्रोसीमेन्समध्ये होती, टाइपसेटिंगमध्ये ते मायक्रोचं चिन्ह जाऊन साधं एम बसलं म्हणजे मिलि झालं, एक हजार पटीचा फरक, अन् मी प्रस्तावनेच्या स्पेलिंगा बघत बसलो होतो. सहा महिन्यांनी एका वाचकाचा मेल आला तवा कळलं, मंग कॉरिजेंडम, म्हणजे चुकीची छापील दुरुस्ती, काढावं लागलं. म्हणून सांगतो ताई, आधी टेबलं. एकानं मूळ फाइलमधून आकडा मोठ्यानं वाचायचा अन् दुसऱ्यानं प्रूफवर बोट ठेवायचं, घरातलं कोणी पण चालेल. उणे चिन्हं, दशांश, नायट्रेटच्या सूत्रातला खालचा ३ अन् वरचं उणे, सगळं.

तुमच्या विषयात अजून एक. नायट्रेट म्हणून मोजलंय का नायट्रोजन म्हणून, ते प्रत्येक टेबलच्या डोक्यावर असलंच पाहिजे. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या आयएस १०५०० या मानकातली लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा नायट्रेट म्हणून आहे अन् अमेरिकेची १० ची नायट्रोजन म्हणून, दोन्ही जवळपास एकच पडतात पण एक शब्द गळाला की वाचणाऱ्याला वाटतं केवढा फरक आहे.

मंग नाव. आपल्याकडं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव अन् आडनाव असं असतं, कोणी आडनाव आधी लिहितं, त्यामुळं बाहेरच्या टाइपसेटरला आडनाव कोणतं ते समजत नाही. प्रूफमध्ये आडनाव वेगळ्या रंगात दाखवतात नाहीतर क्वेरीत विचारतात, तिथं चुकलं तर पुढं सगळीकडं तुमचा पेपर वडिलांच्या नावाखाली निघतो. सहलेखकांचीही नावं बघा. ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा ओळख नंबर, जोडला का ते बघा. पत्ता जिथं काम केलं तिथलाच. माझ्या पेपरात सॅम्पलिंग उस्मानाबादचं अन् छापून आला तवा जिल्हा धाराशिव झालेला, मी दोन्ही नावं लिहिली म्हणजे जुने पेपर शोधणाऱ्याला सापडतं.

नकाशा! अभ्यासक्षेत्राच्या नकाशात कोपऱ्यात भारताचा छोटा नकाशा असतो, तो इंटरनेटवरून घेतलेल्या फाइलचा असेल तर काश्मीरची हद्द चुकीची निघते. आपल्याकडं सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा छापणं गुन्हा आहे, १९६१ चा कायदा आहे त्याला. प्रूफलाच बदलून द्या.

सबमिटचं बटण एकदाच दाबता येतं, घाई करू नका. २४ तास जास्त लागणार असतील तर मेल करा, बहुतेक वेळा देतात.

काळी_माती
लिंक खरंच जर्नलचीच आहे ना ते बघा आधी. एक्सेप्ट झाल्यावर पैसे मागणारे खोटे मेल पण येतात. मेलवरून न जाता जर्नलच्या साइटवर स्वतः लॉगिन करून प्रूफ उघडा. अन् छापल्यावर पीडीएफ रिसर्चगेट या संशोधकांच्या साइटवर टाकू नका, त्यावरून एल्सेव्हिअर अन् अमेरिकन केमिकल सोसायटी २०१७ मध्ये रिसर्चगेटच्या विरोधात कोर्टात गेले होते. कोणी मागितला तर एकट्याला मेलनं पाठवणं साधारणपणे चालतं. आत्ता प्रूफला आलं असताना कोणी माझं पण नाव घाला म्हणालं तर नाही म्हणा, त्यासाठी सगळ्या लेखकांच्या सह्या अन् कारण द्यावं लागतं, अन् ज्यानं काम केलं नाही त्याचं नाव घालणं बरोबर पण नाही.

विहीर_परभणी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भाऊ अन् मी बसलो, तो वाचायचा मी बघायची. टेबल ३ मध्ये दोन ओळी खालीवर झाल्या होत्या, म्हणजे एका गावचे आकडे दुसऱ्या गावाच्या नावावर! माझं आडनाव बरोबर होतं पण सरांचं उलटं लागलं होतं. नकाशा बदलून दिला. फॉर्ममध्ये थिसिसचं स्पष्ट लिहिलेलं आहे अन् रिपॉझिटरीला १२ महिने. सरांना हे सगळं दाखवलं तर ते म्हणले मी पण कधी एवढं वाचलं नव्हतं, अन् दोघांनी बसून सही केली. वर्ड फाइल तीन ठिकाणी ठेवली.

एक विचारायचं राहिलं, गावात कागद देताना विहिरीच्या मालकाचं नाव लिहू का?

ग्रंथालय_लातूर
ज्याचा त्याचा आकडा ज्याच्या त्याच्या हातात द्या, चावडीवर लावायच्या कागदावर नाव नको, नुसता विहिरीचा नंबर. अन् ४५ च्या वर असेल तिथं हे नक्की लिहा की पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळं त्याचं प्रमाण वाढतं. बाळाचं दूध त्या पाण्यात कालवू नये.

विहीर_परभणी
हे उकळायचं माझ्या पेपरात नव्हतंच. आता पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरात घेतलं. शनिवारी सकाळच्या एसटीनं जिंतूरला जायलेय, मावशीच्या विहिरीचा कागद सगळ्यात वर ठेवलाय.