पगारकपातीच्या पत्रावर कार्गो पायलटांनी सही करावी का?

सोनेगाव_३२ (धागाकर्ता)

मी मालवाहू विमानांवर को-पायलट आहे, घर नागपूरला. कंपनीचं नाव घेत नाही. गेल्या आठवड्यात आम्हा सगळ्या पायलटांना पत्र आलं. आजवर महिन्याला ७० तासांचा पगार पक्का असायचा, उड्डाणं कमी झाली तरी. तो आता ५५ तासांचा होणार. रात्रीच्या उड्डाणांचा भत्ता एक तृतीयांशानं कमी. मुदत १८ महिने. कारण असं दिलंय की माल घटलाय, दर पडलेत आणि विमानांचं भाडं डॉलरमध्ये मोजावं लागतं. बदल्यात कंपनी कुणालाही कामावरून कमी करावं लागू नये म्हणून ‘प्रयत्न करील’. पंधरा दिवसांत सही करून पत्र परत द्यायचं आहे.

माझं मत आधीच सांगतो. कपात सोसायला मी तयार आहे. कंपनी अडचणीत आहे हे माल बांधायच्या रिकाम्या जाणाऱ्या पॅलेटवरून आम्हालाही दिसतं. पण हे पत्र जसं आहे तसं सही करण्यालायक नाही. १८ महिने संपल्यावर ७० तास आपोआप परत सुरू होतील, असं त्यात एकाही ओळीत लिहिलेलं नाही. म्हणजे मुदत संपली की आम्ही ५५ वर उभे राहून वाटाघाटी करायच्या. तुमची मतं हवी आहेत, विशेषतः विरोधातली.

जुना_कमांडर

सही कर. रागावू नकोस, पण मी निवृत्त माणूस आहे, मला कुणाची मर्जी राखायची नाही.

जगातला जवळपास निम्मा हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. कोविडमध्ये ती विमानं जमिनीवर होती म्हणून मालवाहू कंपन्यांना सोन्याचे दिवस आले. आता ती परत उडतायत आणि त्यांच्या पोटातली जागा स्वस्तात विकली जाते. आपल्या नागपूरचंच बघ, इथून जाणारा बहुतेक माल प्रवासी विमानांतूनच जातो. मोजकी विमानं असलेली कंपनी या दरांपुढे किती दिवस तग धरणार?

२०१८ च्या ऑगस्टमध्ये जेट एअरवेजनं पगारकपात मागितली होती. पायलटांनी नकार दिला. त्यानंतर पगार लांबत गेले आणि १७ एप्रिल २०१९ ला शेवटचं विमान उतरलं. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनी अवसायनात काढायचा, म्हणजे मालमत्ता विकून बंद करायचा आदेश दिला. लोकांच्या थकलेल्या पगाराचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ५५ तासांचा पगार हा शून्य तासांच्या पगारापेक्षा मोठा असतो. आणि घरी बसलेल्या पायलटचा हात सुटतो. ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग झाली नाहीत तर तू प्रवासी किंवा माल घेऊन उडू शकत नाहीस. पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा तपासणी, आणि तो खर्च कोण करणार?

नाईट_लँडिंग

कमांडरसाहेब, तुमचा मान राखून सांगतो, जेटचा दाखला उलटा आहे. त्या कंपनीवर बँकांचं आठ हजार कोटींहून जास्त कर्ज होतं. पायलटांनी कपात मान्य केली असती तर ते कर्ज फिटलं असतं का? नसतं. पायलटांनी आठ महिने कमी पगारात काम केलं असतं आणि एप्रिलमध्ये विमानं उभी राहिलीच असती. फक्त थकबाकीचा आकडा लहान दिसला असता.

खरोखर कपात देऊन बघितलेल्यांचं काय झालं ते बघा. अमेरिकेत यूपीएस या कुरिअर कंपनीच्या पायलट संघटनेनं २००९ मध्ये मंदीच्या काळात सहकाऱ्यांच्या नोकऱ्या वाचवायला आपणहून बचत करून दिली. लोकांनी बिनपगारी रजा घेतल्या, कामाचे तास वाटून घेतले. पुढच्याच वर्षी कंपनीनं किमान ३०० पायलटांना घरी पाठवण्याची घोषणा केली. बचत करून देणाऱ्यांच्या हाती वेळ पडला, नोकरीची हमी पडली नाही.

आता रात्रीच्या भत्त्याबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त चीड त्याची आहे. आमचं कामच रात्रीचं. संध्याकाळी माल गोळा होतो, मध्यरात्री हबवर म्हणजे मुख्य तळावर अदलाबदल, पहाटे पोचवायचा. डीजीसीएच्याच, म्हणजे सरकारी विमान नियामकाच्या, नियमांत रात्री २ ते सकाळी ६ हा काळ शरीराच्या सगळ्यात मंद अवस्थेचा मानला आहे. आमची अर्धी उतरणं त्याच वेळात येतात. प्रवासी विमानाच्या पायलटला रात्रीचा भत्ता म्हणजे वरकड कमाई असेल, आमच्याकडे तो पगाराचाच भाग आहे. त्याला हात लावायचा तर उघड सांगा की मूळ पगार कापतोय.

एक विनंती. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या नागपूर विमानतळावर बोर्डिंग गेटजवळ एक कॅप्टन कोसळून गेले, तो दाखला कृपया इथे कुणी आणू नका. त्यांना आधी २७ तासांची विश्रांती मिळाली होती आणि थकव्यामुळे ते गेले असं कुठंही सिद्ध झालेलं नाही. आपली बाजू मांडायला एका कुटुंबाचं दुःख वापरायची गरज नाही. ती त्याशिवायही भक्कम आहे.

वाडीचा_ट्रान्सपोर्टवाला

भाऊ, मले एक सांगा. माझ्याकडं अमरावती रोडवर गाड्या उभ्या रायतात. ड्रायव्हर रात्रभर चालवते, त्याले कोणता रात्रीचा भत्ता? डिझेल वाढलं तरी पार्टी भाडं वाढवून देत नाही. तुम्ही लाखांत पगार घेऊन राहिले अन् १५ तासांसाठी भांडून राहिले. तुमचे दर परवडत नाही म्हणून औषधवाली पार्टी अर्जंट माल सोडून बाकी सारा रोडनं पाठवून राहिली. विमान कंपनीचा खर्च कमी झाला तरच तुमच्याकडं माल येईल ना जी? मी तुमच्या विरोधात नाही, पण खर्च कुठूनतरी कमी करावाच लागते.

कर्ज_चालू

दादा, ड्रायव्हरला रात्रीचा भत्ता मिळत नाही हे चूकच आहे, त्यासाठी तुम्ही आवाज उठवा, मी तुमच्यासोबत येईन. पण त्याला मिळत नाही म्हणून आमचाही काढून घ्या, हे मला पटत नाही.

‘लाखांत पगार’ म्हणताना कर्जही मोजा. लायसन्ससाठी वडिलांनी शेत गहाण ठेवलं, टाइप रेटिंगचं, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान उडवायच्या परवान्याचं, कर्ज वेगळं. ज्युनिअर को-पायलटच्या हातात हप्ता गेल्यावर जे उरतं, त्यावर नागपुरात घर चालतं एवढंच. ५५ तास झाले तर माझा हप्ता चुकणार. कमांडरसाहेबांच्या पिढीला हे ओझं नव्हतं. वर पुन्हा बाँड आहे, म्हणजे मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचे, त्यामुळे सोडूनही जाता येत नाही. २०१७ पासून कमांडरला १२ महिन्यांची आणि को-पायलटला ६ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. कंपनी मात्र पंधरा दिवसांत पगार बदलणार.

धरमपेठ_आई

माझे मिस्टर मालवाहू विमानं उडवतात, दुसऱ्या कंपनीत. त्यांच्याकडे असंच पत्र आलं तेव्हा मीच म्हटलं, सही करा. सासूबाईंचं डायलिसिस चालू होतं आणि कंपनीचा आरोग्यविमा त्यांना लागू होता. कुणाला हा भित्रेपणा वाटेल. पण नोकरीसोबत आणखी काय काय बांधलेलं असतं ते इथे कुणी बोललंच नाही. कंपनीला जे उत्तर द्याल त्याच्या मसुद्यात विम्याचा एक शब्द तरी असू द्या. आमच्या पत्रात नव्हता आणि पुढच्या वर्षी आई-वडिलांचं कव्हर काढून टाकलं.

सिव्हिल_लाईन्स_वकील

मी कामगार कायद्याची कामं करतो, म्हणून एवढंच. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात वेतनासारख्या अटी बदलायच्या तर मालकानं २१ दिवस आधी नोटीस देणं बंधनकारक होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेनं घेतली, तिच्यातही अटी बदलण्याआधी नोटिशीची तरतूद आहे. पण तिचा लाभ ‘कामगारा’ला मिळतो. व्यवस्थापकीय काम करणारे आणि १८,००० च्या वर पगार घेणारे पर्यवेक्षक त्यात येत नाहीत. पायलट नेमका कशात बसतो, यावर कंपन्या कोर्टात हिरिरीनं भांडतात. कमांडर हा इतर क्रूचा पर्यवेक्षक आहे, हा त्यांचा ठरलेला युक्तिवाद. त्या मानानं को-पायलटची बाजू बळकट.

म्हणूनच कंपनीला तुमची सही हवी आहे. संमती मिळाली की एकतर्फी बदलाचा प्रश्नच उरत नाही. एकेकट्यानं सही देऊ नका. संपाची भाषाही इतक्यात नको, नव्या संहितेत १४ दिवसांच्या नोटिशीशिवाय संप बेकायदा ठरतो.

मेम्फिसचा_वऱ्हाडी

मूळचा नागपुरातल्या महालचा, आता अमेरिकेत मेम्फिसला असतो. पायलट नाही, पण शेजारी-पाजारी सगळे फेडेक्स या कुरिअर कंपनीचे. इथं जुलै २०२३ मध्ये काय झालं ते सांगतो. पायलट संघटनेनं कंपनीबरोबर प्राथमिक करार केला होता, त्यात ३० टक्के पगारवाढ होती. सभासदांच्या मतदानात ५७ टक्क्यांनी तो फेटाळला. बऱ्याच जणांचा रोष पेन्शनच्या आणि कामाच्या वाटपाच्या कलमांवर होता. नुसत्या पगाराच्या आकड्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

दुसरी गोष्ट. इथल्या रेल्वे लेबर ॲक्टखाली विमान कंपन्यांचे करार संपतच नाहीत. मुदत झाली की ते बदलायला खुले होतात, पण नवा होईपर्यंत जुन्याच अटी चालतात. तुमच्याकडं ही ढाल नाही, म्हणून ७० तास परत मिळण्याचं कलम तुम्हाला स्वतःच लिहून घ्यावं लागेल.

जुना_कमांडर

मेम्फिसचं उरलेलंही सांगा की. करार फेटाळल्यावर काही महिन्यांतच कंपनीनं पायलटांना सुचवलं की एका प्रवासी कंपनीत जागा आहेत, हवं तर तिकडे जा. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकी टपाल खात्याचं मोठं कंत्राट यूपीएसकडे गेल्याचं जाहीर झालं. पुढची दोन वर्षं नवा करार लटकलेलाच राहिला. ३० टक्के हातात आलेले सोडून त्यांनी काय मिळवलं? आणि ती तर जगातली बलाढ्य संघटना. तुमच्याकडे नागपुरात राहणारे पाच-सहा जण आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. नाही म्हणताना आपलं बळ किती ते पाहावं.

नाईट_लँडिंग

टपालाचं कंत्राट पायलटांच्या मतदानामुळे गेलं असं तुम्ही सुचवताय का? ते दर आणि टपाल खात्याचा माल रस्त्याकडे वळवण्याचं धोरण, यांमुळे गेलं. दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणून पहिलीनं दुसरी घडवली असं होत नाही. जेटच्या बाबतीतही तुम्ही हेच केलंत.

आणि बळाचं म्हणाल तर नागपूरकरांनी तरी असं म्हणू नये. १९४९ पासून ऑक्टोबर १९७३ पर्यंत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून चार विमानं रोज रात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर येत, डाक बदलून पहाटेपर्यंत परत जात. देशाची टपालसेवा त्या रात्रपाळीवर चालायची. रात्री जागणारी माणसं मोजकीच असतात, पण ती नसली तर सकाळी कुणाच्या दारात काही पोचत नाही. आमच्या कंपनीकडे आमच्या टाइपचे जादा पायलट नाहीत. नवा माणूस तयार करायला महिने लागतात. हे बळ लहान नाही.

जुना_कमांडर

जादा पायलट नाहीत हे खरं. पण विमानंच भाडेपट्ट्यानं आणलेली असली तर मालक ती उचलून नेतो, तेव्हा पायलट असून काय करणार? मी अजूनही म्हणतो सही करा. फक्त वकीलसाहेबांचं ऐका, एकत्र करा.

सोनेगाव_३२ (धागाकर्ता)

कमांडरसाहेब, भाडेपट्ट्याचा मुद्दा मी मनावर घेतलाय. म्हणूनच आमची पहिली मागणी कागदांची आहे: विमानांचं थकलेलं भाडं किती आणि करार कधी संपतात, हे आमच्यातल्या दोघांना दाखवा, गोपनीयतेच्या करारावर सही घेऊन दाखवा. भाडं खरंच थकलं असेल तर मी स्वतः बाकीच्यांना कपातीसाठी समजावीन. आकडे दाखवायची तयारी नसेल तर आमच्याकडून विश्वास मागू नये.

बाकी मसुदा असा होतोय. ७० चे ६० तास करा, ५५ नको. रात्रीच्या भत्त्याला हात लावायचा नाही. त्याऐवजी कमांडर आणि वरच्या अधिकाऱ्यांची कपात जास्त, पहिल्या तीन वर्षांतल्या को-पायलटांची सगळ्यात कमी; हे ‘कर्ज_चालू’च्या पोस्टमुळे घातलं. मुदत १२ महिने, तेराव्या महिन्याच्या पगारपत्रकात ७० तास आपोआप. त्याआधी सलग तीन महिने माल ठरलेल्या पातळीवर गेला तर तेव्हापासूनच. या काळात कुणाला कमी केलं तर कपात त्या दिवशी रद्द. ज्याला जायचं आहे त्याचा बाँड माफ आणि नोटीस तीन महिने. आई-वडिलांसकट विमा आहे तसाच, धरमपेठच्या ताई, तुमचा मुद्दा घेतलाय.

वकीलसाहेब, ‘ठरलेली पातळी’ कशावर बांधावी, टनांवर की उडालेल्या तासांवर? टनांचे आकडे कंपनीकडे असतात, तासांची नोंद आमच्या लॉगबुकात असते. मला तास बरे वाटतात.

सिव्हिल_लाईन्स_वकील

तासांवरच बांधा. ज्या नोंदीची प्रत तुमच्याकडे आहे तीच कोर्टात तुमच्या उपयोगाची. आणि पंधरा दिवसांची मुदत वाढवून मागणारा ईमेल आजच पाठवा, सगळ्यांच्या नावानं एकच.