मदत हवी आहे: खोलीतल्या हायड्रोपोनिक टोमॅटोची फुलगळ थांबत नाही (बेळगाव)

नमस्कार मंडळी. वडगावात आमची जुनी मागाची खोली आहे. माग विकल्यापासून रिकामीच होती, तिथं मी चेरी टोमॅटो लावलेत. माती नाही, झाकणाच्या बादल्यांत खताचं पाणी, एअर पंप, वर एलईडी. रोपं छातीएवढी झालीत, पानं काळपट हिरवी, शेंडे आत वळलेले. फुलांचे घोसही भरपूर, पण सगळी गळायलीत बघा. फूल उघडलं की दोन-चार दिवसांत देठावरची गाठ पिवळी पडते आणि बोट लागलं तरी फूल तिथूनच सुटतं.

पीएच (पाण्याचा आंबटपणा) 6.0 ते 6.3, ईसी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) 2.4. पाणी बोअरचं. खत पालेभाजीला वापरत होते तेच. दिवसा 28 अंश, रात्री 24. पावसामुळं खिडकी बंद, दमटपणा 85 टक्क्यांच्या वर. लाइट 18 तास.

व्हिडिओत सांगतात, फुलोरा आला की लाइट 12 तासांवर आणा. आणू का? खतवाला म्हणतो, फुलगळीचं टॉनिक मारा. घरात लहान पोर झाडावरचं तोडून तोंडात घालणार, म्हणून ते नको वाटतं. सासूबाई म्हणतात, परसात लाव, आपोआप धरतील. पण आपल्याकडच्या पावसात करपा सोडतोय होय!

प्रतिसाद:
ताई, 12 तासांचं डोक्यातून काढा. ते शेवंतीसारख्या, रात्र मोठी झाल्यावर फुलणाऱ्या झाडांना. टोमॅटोचं फूल दिवसाच्या लांबीवर अडत नाही, उलट उजेड कमी केलात तर फळ पोसणार कशावर? 14 ते 16 तास ठेवा, बाकी वेळ पूर्ण अंधार.

तुमचं दुखणं परागाचं दिसतंय. टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, पण पराग नळीत कोंडलेला. बाहेर वारा आणि भुंगे तो झाडतात. तुमच्या खोलीत दोन्ही नाहीत, त्यात दमट हवेनं पराग चिकटून बसतो. दुपारी घोसाच्या देठाला बॅटरीच्या टूथब्रशची मागची बाजू क्षणभर लावा, खाली काळा कागद धरा. पिवळी पूड पडली तर पराग मोकळा आहे.

नाही पडली तर आधी हवा. खिडकीला जाळी लावून उघडा आणि समोर एक्झॉस्ट बसवा. बाहेर पाऊस असला तरी ती गार हवा आत येऊन तापली की तिचा दमटपणा टक्क्यांत उतरतो. 60 ते 70 मध्ये आणा. रात्रही 20 च्या आसपास येईल, तेही हवंच आहे.

काळपट पानं आणि वळलेले शेंडे म्हणजे नत्र जास्त. फळभाजीचं खत घ्या, ज्यात पोटॅश नत्राच्या दीडपट ते दुप्पट असतं. कॅल्शियम मात्र तोडू नका, नाहीतर फळ धरेल आणि बूड काळं पडेल. टॉनिकची गरज नाही.

धागाकर्ती:
कागद कोराच राहिला होता. एक्झॉस्ट लावल्यावर दमटपणा 68 वर आला, काल थोडी पूड दिसली. आता खत बदलताना बादलीतलं पाणी सगळं काढू, की त्यातच नवीन घालू?

प्रतिसाद:
सगळं काढा. जुन्यात घातलंत तर ईसी दिसेल बरोबर, पण आत नत्र किती उरलंय ते मीटर सांगत नाही. आणि खताच्या ए आणि बी अशा दोन बाटल्या येतात, त्या पाणी न घालता थेट एकमेकांत मिसळू नका, तळाला कॅल्शियमचा साका बसतो. आधी ए पाण्यात ढवळा, मग बी.