कार्मेन मॅकरे, कॅल जेडर आणि मागे उरलेली आस : तुम्हाला काय ऐकू आलं?

आषाढातल्या एका रविवारी पणजीत, मळा भागातल्या आमच्या घरी, सात-आठ जणांनी मिळून ‘हीट वेव्ह’ ऐकली. अमेरिकन जॅझ गायिका कार्मेन मॅकरेचं गाणं आणि कॅल जेडरचा व्हायब्राफोन, कॉनकॉर्ड जॅझ या कंपनीची १९८२ची एलपी. माझे मामा तारवटी होते. बोटीवरून घरी येताना दर खेपेला एक-दोन तबकड्या आणायचे, त्यातली ही. वेष्टनाला ओल लागलीय, पण तबकडी अजून ठणठणीत वाजते. दुसरी बाजू संपल्यावर दोन तास बोलणं चाललं आणि कुणाचं कुणाशी पटलं नाही. म्हणून म्हटलं, ज्याने जे ऐकलं ते त्याने लिहावं. जे त्या दिवशी नव्हते त्यांनीही ऐकून लिहा.

सुरुवात मी करते. व्हायब्राफोन हे वाद्य मी एकदाच जवळून पाहिलंय, पणजीतच, एका तालमीला. अ‍ॅल्युमिनियमच्या ३७ पट्ट्या, तीन सप्तकं, प्रत्येक पट्टीखाली उभी नळी. नळ्यांच्या तोंडाशी छोट्या चकत्या असतात आणि विजेच्या मोटारीवर त्या गोल फिरतात. नळीचं तोंड झाकलं-उघडलं जातं, म्हणून सूर लहरतो. वादकाने माझ्यासाठी मोटार बंद केली आणि तीच पट्टी पुन्हा वाजवली. सूर तोच, आता मात्र सरळ आणि थंड. मग पायाखालचं पेडल सोडलं आणि आवाज जागच्या जागी मिटला.

तबकडीवर माझा कान त्या पेडलवरच राहिला. कार्मेन ओळीचं टोक लांबवत नाही, बोलता बोलता तोडते. तिने सोडलेल्या जागेत आस, म्हणजे मागे घुमत राहणारा सूर, धरायचं काम जेडर करतो. मला ही जोडी यासाठी प्रिय आहे.

फोंड्याहून
ताई, पेटी शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे कान आधी साथीकडे जातो. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही, तशी व्हायब्राफोनवरही नाही. दोन पट्ट्यांमधली वाट त्याला बंदच. आपण पेटीवाले गायकाच्या मागे मागे सावलीसारखे जातो आणि ती उणीव भात्याच्या जोरावर झाकतो. जेडर मागे जात नाही. ती गात असताना बेताने वाजवतो, ओळ संपली की चार सुरांचा भरणा, की पुन्हा जागा मोकळी. मींड तिच्या गळ्यात, पक्क्या जागा त्याच्या हातात.

दुसऱ्या दिवशी एका मुलीला भैरवी शिकवत होतो. मुद्दाम प्रत्येक ओळीला मी पेटीवरून हात उचलला. ती बावरली, थांबली, पेटीकडे बघत राहिली. तिसऱ्या खेपेला तिने डोळे मिटले आणि पंचम स्वतः शोधून धरला. किंचित उतरलेला होता, पण तिचा होता. आजवर किती मुलांचे सूर मी भात्याखाली दाबले असतील, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

म्हापशाहून
मला आवडली नाही. पाँचो सँचेझचे काँगा (हाताने वाजवायचे उंच ढोल) तयारीचे आहेत यात वाद नाही, पण तीन गाण्यांनंतर मी ठेकाच ऐकत राहिलो, गाणं मागे पडलं. स्टीव्ही वंडरने रचलेली दोन गाणी आहेत, तिथे ती घाईत वाटते. व्हायब्राफोन आणि आवाज एवढंच असतं तर पुन्हा ऐकली असती.

केरीहून (फोंडा)
गायिका केसरबाई केरकरांच्या गावचा माणूस मी. १९७७मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेलेली त्यांची भैरवी साडेतीन मिनिटांचीच आहे, पण तेवढ्यात सूर कुठे विरत नाही. त्या कानाला इथला तुटक श्वास खटकतो. आणि व्हायब्राफोनचा सूर वाजल्या क्षणापासून विझायलाच लागतो. विझणाऱ्या सुराच्या सोबतीने कुणी गावं, हे अजून मला पटलेलं नाही. बाकीच्यांनी समजावून बघितलं, ताई. पुन्हा ऐकेन, पण मत बदलेल असं सांगत नाही.

(दादा, तो विझतो म्हणूनच मला हवा असतो. तंबोरा विझू देत नाही, हा देतो. आपण दोघं बरोबर असू शकतो.)

वाळपईहून
रात्री वीज गेली, मोबाइलवर थोडं चार्जिंग उरलं होतं, तेवढ्यात लावली. घरावर कौलं, पडवीला पत्रा, पाऊस धो धो. पडवीत गळतीखाली तांब्याची घागर ठेवलेली, तिच्यात थेंब घुमत होते. कार्मेनचा आवाज पावसातून येत होता, व्हायब्राफोन कुठला आणि घागर कुठली ते मला कळेना. चौथ्या गाण्याला मोबाइल बंद पडला. घागर चालू राहिली. मी झोपायला गेले नाही.

मार्दोळहून
जत्रेतल्या मराठी नाटकांत पदं म्हणतो. आमचे मास्तर सांगायचे, पद आधी बोलून दाखव, मग गा. इंग्रजी मला निम्मंच कळतं, तरी या बाईचा एक शब्द निसटत नाही. शब्दावर वजन टाकते ते बोलणाऱ्यासारखं, आणि समेच्या किंचित मागे राहते. कार्मेनने रचलेलं गाणं जॅझ गायिका बिली हॉलिडेने १९३९मध्ये ध्वनिमुद्रित केलं होतं, पियानोही कार्मेन स्वतः वाजवायची, हे मागाहून कळलं. साठीच्या आसपासचा गळा आहे हा, वरच्या सुरांत खरखर आहे. मास्तर असते तर त्यांना ऐकवली असती.

मडगावहून
आमच्या शेजारी एक काका राहतात, चर्चच्या शाळेत सोल्फेज (पाश्चात्त्य स्वरवाचन) शिकून मुंबईच्या हॉटेलांत सॅक्सोफोन वाजवलेले. हळदोण्याच्या ट्रम्पेटवादक चिक चॉकलेटचं नाव निघालं की अजूनही ताठ बसतात. त्यांना बाल्कावात (घराच्या दारातल्या बैठकीत) बसवून तबकडीवरचं ‘बेसामे मुचो’ ऐकवलं. पहिल्या ओळीलाच बोटं गुडघ्यावर चालायला लागली. म्हणाले, लग्नात हे आम्ही अगदी सावकाश घ्यायचो, म्हातारी माणसंसुद्धा उठायची नाचायला. मग बराच वेळ फक्त व्हायब्राफोनकडे कान. “हा मनुष्य आधी ड्रम वाजवत असणार,” म्हणाले. खरंच, पियानोवादक डेव्ह ब्रूबेककडे जेडर ड्रमच वाजवायचा. हातावरून कळतं, म्हणे.

मी सांगितलं, ही तबकडी जानेवारीत ध्वनिमुद्रित झाली आणि ५ मे १९८२ला दौऱ्यावर असताना मनिलात जेडर गेला. काका गप्प झाले. पोदेराची (पाववाल्याची) सायकल भोंगा वाजवत गेली, तरी उठले नाहीत.

“एवढं जड वाद्य,” ते म्हणाले, “परत कोणी नेलं असेल?”

मग म्हणाले, बाय, ते गाणं परत लाव.