मदत हवी आहे: डायलिसिसवर असलेल्या मिस्टरांना घेऊन मुंबई-गोवा क्रूझ, जेवणाचं कसं जमवावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो. माझ्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या डायबेटिसमुळे गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळच्या पहिल्या शिफ्टला हिमोडायलिसिस, म्हणजे मशीनवर रक्त शुद्ध करणं, असतं. हृदयाचंही दुखणं असल्यामुळे ट्रान्सप्लांट नको असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा पुढेही हे असंच चालायचं, हे आम्ही दोघांनी स्वीकारलेलं आहे.

हे मूळचे देवगडचे. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीने गावी जायचे. रात्रभर डेकवर सतरंजी टाकून झोपायचं, हर्णै, जयगड, रत्नागिरी करत बोट देवगडला थांबली की पडावातून किनाऱ्याला यायचं, हे सगळं त्यांच्याकडून इतकं ऐकलंय की मीही त्या बोटीत होते असं वाटतं. आता मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस ही क्रूझ बोट गोव्याला जाते, त्याच किनाऱ्याने. पेपरात तिची जाहिरात आली आणि हे म्हणाले, "एकदा जाऊन येऊ या." डायलिसिस सुरू झाल्यापासून त्यांनी स्वतःहून काही मागितलं ते हे एवढंच. म्हणून मला ते नीट, धोका न पत्करता करायचंय.

लक्षद्वीपची मोठी सहल आम्ही धरतच नाही. तिथे जहाज समुद्रात थांबतं आणि छोट्या बोटीत उतरावं लागतं, ते यांना जमणार नाही. विचार फक्त दोन रात्रींच्या मुंबई-गोवा-मुंबईचा आहे, तोही जानेवारीत, समुद्र शांत असताना. शुक्रवारी चढून रविवारी उतरता येईल अशी तारीख मिळाली, तर शुक्रवारी सकाळी डायलिसिस, थोडा आराम, दुपारी फ्रीवेने बॅलार्ड पिअर आणि सोमवारी पहाटे पुन्हा सेंटरला. डायलिसिसची एकही फेरी चुकत नाही.

आमच्या नेफ्रॉलॉजिस्टनी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, सरळ नाही म्हटलेलं नाही. ते म्हणाले, "शुक्रवार ते सोमवार हे अंतर तुम्ही घरीही दर आठवड्याला काढताच. प्रश्न त्या अंतरात काय खाल्लं-प्यायलं जातं याचा आहे." माझी खरी काळजी तीच आहे. घरी स्वयंपाकघर माझ्या हातात असतं, जहाजावर नसेल.

घरी कसं चालतं ते सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल. पाणी दिवसाला ८०० मिली, त्यात चहा, आमटी, ताक सगळं आलं. सकाळीच बाटली मोजून भरून ठेवते, जे काही पितील तेवढं त्यातून वजा. मीठ जवळजवळ नाहीच. फोडणीत आलं, लसूण, हिंग, कढीपत्ता सढळ हाताने घालते आणि वर लिंबू, त्यावर निभावतं. बटाटा, सुरण अशा भाज्या पातळ चिरून कोमट पाण्यात दोन तास ठेवायच्या, भरपूर पाण्यात उकडायच्या, ते पाणी ओतून द्यायचं आणि मगच फोडणीला टाकायच्या, म्हणजे पोटॅशियम बरंचसं निघून जातं; किडनी गेल्यावर ते रक्तात साठतं आणि हृदयाला धोका होतो. टोमॅटो, पालक, केळं, मोसंबी, शहाळं, सुकामेवा बंद. देवगडच्या माणसाला हापूसची एकच फोड द्यायची हे मला अजूनही जड जातं, पण देते तेवढीच. प्रोटीन मात्र भरपूर हवं, कारण डायलिसिसमध्ये ते वाया जातं. म्हणून अंड्याचा पांढरा भाग रोज, आणि मासा किंवा चिकन बेताचं. जेवणातला फॉस्फरस अंगात जाऊ नये म्हणूनची गोळी पहिल्या घासाबरोबर.

आता अडचण. एका ट्रॅव्हल एजंटला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "काकू, जैन फूड लिहून देतो." मी समजावलं की जैन जेवणात बटाटा नसतो हे ठीक, पण टोमॅटोची ग्रेव्ही असते आणि मीठ तर असतंच. मग म्हणाला, डायबेटिक लिहू. डायबेटिक म्हणून जे देतात ते म्हणजे मोड आलेली कडधान्यं, टोमॅटो सूप, मल्टिग्रेन ब्रेड, फळांची वाटी. यांच्यासाठी त्यातलं बहुतेक चुकीचं. किडनीच्या पेशंटसाठी फॉर्मवर रकानाच नव्हता.

तर विचारायचंय ते असं. डायलिसिसच्या माणसाला घेऊन कोणी इथून क्रूझला गेलं आहे का? किचनला आधी कळवून बिनमिठाचं जेवण खरोखर मिळतं का, की ऐनवेळी बुफेतूनच निवडावं लागतं? घरून काही नेता येतं का? मी बिनमिठाचे कुरमुरे, भाजलेला रवा असं नेईन म्हणते, केबिनमध्ये छोटी किटली चालेल का? जहाज जुनं, १९९० सालचं आहे, तेव्हा बाथरूमला उंच उंबरठा असतो का? यांचा पाय अडखळतो. आणि बोट लागली तर काय? उलट्या झाल्या तर बीपी पडेल, आणि हे इन्सुलिनही घेतात.

मुलगा पुण्याला असतो. "आई, उगाच कशाला, कोलाड नाहीतर अलिबागला जाऊन या," म्हणतो. त्याची काळजी कळते मला. पण यांना रिसॉर्ट बघायचा नाहीये, समुद्रावरून किनारा बघायचाय.

प्रतिसाद १

ताई, मी वाशीला आहारतज्ज्ञ आहे, रोज डायलिसिसच्या पेशंटबरोबरच काम करते. तुम्ही घरी जे करता आहात ते फार चांगलं आहे, तेव्हा घाबरू नका. पण दोन गोष्टी स्पष्टच सांगते.

पहिली, शनिवार-रविवारच्या त्या लांब अंतराची. २०११ साली अमेरिकेतल्या ३२ हजार डायलिसिस पेशंटांची पाहणी प्रसिद्ध झाली. दोन दिवसांचं अंतर संपतं त्या दिवशी मृत्यूचं आणि हृदयाच्या त्रासाने ॲडमिट होण्याचं प्रमाण इतर दिवसांपेक्षा स्पष्टपणे जास्त दिसलं. मिस्टरांना हृदयाचा त्रास आधीच आहे. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: निघण्याआधी एक जादा डायलिसिस घेता येईल का, पोटॅशियम बाइंडरची (पोटातलं पोटॅशियम धरून ठेवणारी) पावडर बरोबर ठेवावी का, आणि किती घ्यायची. त्याच आठवड्याचा पोटॅशियमचा रिपोर्ट हातात असल्याशिवाय निघू नका. बुधवारी डायलिसिस करून चढायचं आणि शुक्रवारी सकाळी उतरून थेट सेंटर गाठायचं, अशी मधल्या वारांची तारीख मिळाली तर ती शुक्रवार-रविवारपेक्षा कितीतरी बरी. अंतर एका दिवसाने कमी होतं.

दुसरी गोष्ट मिठाची, आणि इथे मी सगळ्यात जास्त घाबरते. तुम्ही "मीठ नको" म्हटलंत की एखादा भला शेफ मदत म्हणून लो-सोडियम मीठ घालतो. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. तुमच्या मिस्टरांसाठी ते साध्या मिठापेक्षा धोक्याचं आहे. हे तोंडी सांगून भागणार नाही, एक कार्ड करा आणि त्यावर ठळक लिहा: "किडनीचा पेशंट. मीठ नको. लो-सोडियम मीठही नको. सॉस, सूप क्यूब, अजिनोमोटो, पापड, लोणचं नको. टोमॅटो, पालक, नारळपाणी, फळांचा रस नको. चालेल: पांढरा भात, साधी पोळी, दुधी, दोडका, कोबी, अंड्याचा पांढरा भाग, वाफवलेला किंवा तव्यावरचा मासा, लिंबू, मिरी, लसूण." मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. जहाजांच्या किचनमध्ये कोकण-गोव्याकडची माणसं पुष्कळ असतात, तुमची भाषा समजणारं कोणी ना कोणी भेटेल.

साखर उतरली तर कोणीतरी धावत ऑरेंज ज्यूस आणून देईल. तो देऊ नका, ग्लुकोजची पावडर किंवा साखर द्या. किडनी गेल्यावर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, त्यात खाणं कमी झालं की साखर पटकन उतरते. उलटी झाली तर इन्सुलिनचं काय करायचं हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. ॲसिडिटी वाटली तरी जहाजावरच्या दुकानातून अँटासिड घेऊ नका, त्यात मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम असतं. अंगदुखीच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

प्रतिसाद २

काकू, मी कळव्याचा. सासऱ्यांना डायलिसिस चालू असताना आम्ही दोन रात्रींच्या क्रूझला नेलं होतं. कोणती कंपनी ते महत्त्वाचं नाही, पद्धत सांगतो.

एजंटवर सोडू नका. बुकिंग झालं की कंपनीला स्वतः मेल करा, डॉक्टरांचं पत्र जोडा आणि लेखी उत्तर आल्याशिवाय पुढचे पैसे भरू नका. चढल्या चढल्या, बॅगा केबिनमध्ये यायच्या आधी, रेस्टॉरंटच्या मॅनेजरला भेटा आणि कार्ड द्या. संध्याकाळी गर्दी झाली की कोणाला वेळ नसतो. बुफेतली भाजी धुऊन देतो म्हणाले तरी ऐकू नका, मीठ आत मुरलेलं असतं. आम्ही प्रत्येक जेवणाला दुसऱ्या जेवणाचं आधीच सांगून ठेवायचो. साधा भात, तव्यावरचा मासा आणि वाफवलेली भाजी वेगळी मिळत गेली. पहिल्या रात्री उशीर झाला, पण मिळालं.

किटली विसरा. इस्त्री, किटली, इंडक्शन, गरम होणारं काहीही जहाजावर नेऊ देत नाहीत, आगीची भीती असते. गरम पाणी रेस्टॉरंटमधून थर्मासमध्ये आणता येतं. बाहेरचं खाणंही काढून ठेवतात, म्हणून आम्ही डॉक्टरांच्या पत्रात "वैद्यकीय कारणासाठी आहार बरोबर ठेवणे आवश्यक" असं एक वाक्य लिहून घेतलं होतं, कुरमुरे सोडले. जुन्या जहाजांत बाथरूमला उंबरठा असतोच. व्हीलचेअरवाल्यांसाठी सपाट दाराच्या केबिन असतात पण मोजक्याच, त्या बुकिंगच्या वेळीच मागा. आणि मधल्या डेकवरची, जहाजाच्या मध्यभागाची घ्या, तिथे हलणं कमी जाणवतं.

जहाजावर डॉक्टर असतो, पण डायलिसिसची सोय नव्हती. म्हणून गोव्यात, जहाज जिथे धक्क्याला लागतं त्या वास्कोच्या जवळपास, एक सेंटर आधीच बोलून ठेवा. हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट दाखवल्याशिवाय कोणी बाहेरच्या पेशंटला मशीनवर घेत नाही, ते फाइलमध्ये असू द्या. इन्शुरन्स घेताना आधीपासूनचा आजार धरला आहे का ते वाचा, बहुतेक स्वस्त पॉलिसींत धरलेला नसतो. फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी हातावर ऑपरेशन करून जोडलेली शीर) कोणत्या हाताला आहे तेही जहाजाच्या डॉक्टरला चढल्यावरच सांगा. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही, बॅगही नाही.

बोट लागण्याचं घरबसल्या कळणार नाही. आधी एखाद्या मंगळवारी किंवा गुरुवारी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीने जाऊन या. तासाभराचा प्रवास, आत एसीत बसता येतं, गाडीही बरोबर नेता येते. जहाज त्याहून खूप मोठं, तेव्हा रो-रो सहन झाली तर बरीचशी खात्री होईल.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. लो-सोडियम मिठाचं मला घरी माहीत होतं, पण शेफ आपणहून घालेल हे डोक्यातच आलं नव्हतं. कार्ड आज रात्रीच लिहिते.

वाशीच्या ताई, तुमचा २०११ च्या पाहणीचा मुद्दा यांनाही वाचून दाखवला. हे थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, मग मधल्या वारांचीच तारीख बघ, नाही मिळाली तर थांबू. मलाही तेच बरं वाटतं. शुक्रवार-रविवार आता डोक्यातून काढून टाकलंय. बुधवार-शुक्रवार मिळालं तर डॉक्टरांकडे पुन्हा जाऊ, वजन किती वाढलेलं चालेल आणि पावडरीचा डोस किती ते लिहून घेऊ. सेंटरच्या सिस्टरना विचारलं, शुक्रवारी दुपारची शिफ्ट देता येईल म्हणाल्या, म्हणजे जहाज यायला थोडा उशीर झाला तरी हाताशी वेळ राहील.

मांडव्याला येत्या गुरुवारी जातोय. डबा घरचाच नेणार.

अजून दोन गोष्टी कोणाला माहीत असतील तर सांगा. घरी रोज सकाळी यांचं वजन करते, त्यावरून पाणी किती साठलंय ते कळतं. हलत्या जहाजावर साधा वजनकाटा बरोबर दाखवतो का, की वास्कोला जहाज धक्क्याला लागलेलं असतानाच करावं? आणि डेकवर खाऱ्या वाऱ्यात तहान फार लागेल अशी भीती वाटते. घरी बर्फाचा छोटा खडा चघळायला देते, किंवा चूळ भरून टाकायला सांगते. याशिवाय कोणाच्या घरी काही उपाय चालत असेल तर नक्की लिहा.