मदत हवी आहे: एमएस्सी, सेट आणि झोप, तिन्ही एकत्र जमतं का?

नमस्कार मंडळी. मी मूळची बार्शीची, सध्या पुण्यात एमएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी ६ ते ११ अभ्यासिका. मला सेट-नेट (प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षा) करून शिकवायचंय. बाबा म्हणतात, एमपीएससी पण देऊन टाक. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीय, ती काही जाता जाता देण्यातली नाही, हे घरी पटवायचं कसं?

गेले २ महिने झोप उडालीय. मेसचा डबा निम्मा तसाच परत जातो. पहाटे हनुमान टेकडीवर जायचे, तेवढंच बरं वाटायचं, तेही सुटलं. मैत्रिणीनं टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर दिलाय, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. पण फोन हातात घेतला की वाटतं, आपलं एवढं काय मोठं?

तिथे कुणी फोन केलाय का? आणि शेवटचं वर्ष सांभाळून ज्यांनी सेट काढली, त्यांचा दिवसाला खरोखर किती तास अभ्यास व्हायचा? खरा आकडा सांगा. ‘१२ तास बस’वाले सल्ले नकोत, ते आमच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर आहेतच.